दिसल्याच नाही हो तुम्ही!

मैत्रिणींनो, नागपूरला कधी येणं झालं, तर स्टेशनवरून थेट नातेवाइकांच्या घरी जाऊ नका. सकाळी दहाच्या सुमारास सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा. संत्रा बर्फी, दीक्षाभूमी, फुटाळ्याची संध्याकाळ, तर्रीपोहे हे सगळं नंतर सावकाश होतंच. आधी बघून घ्या ती नागपूरची बाई आणि तिची गाडी.

गाडी म्हणजे अर्थातच दुचाकी. आमच्याकडे चारचाकीला 'कार' म्हणतात. नुसतं 'गाडी काढ' म्हटलं की स्कूटरच समजायची. सिग्नल सुटला की कॉलेजच्या मुली, बँकेतल्या ताई, पायाशी भाजीची पिशवी धरलेल्या काकू, पुढे एक आणि मागे एक मूल घेतलेल्या वहिनी, अशी बायकांची फौजच्या फौज अंगावरून निघून जाते. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना मोठं नवल वाटतं ते आमच्या वेषाचं. डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला दुपट्टा, वर गॉगल, अंगात लांब बाह्यांचा सनकोट, हातात मोजे. माझी मुंबईची नणंद पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "वहिनी, तुमच्या गावात सगळ्या बायका दरोडा घालायला निघाल्यासारख्या का दिसतात गं?" मी म्हटलं, मे महिन्यात ये आणि दुपारी बारा वाजता उघड्या तोंडाने झाशी राणी चौकापर्यंत जाऊन दाखव. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या उन्हात दुपट्टा ही हौस नव्हे, औषध आहे.

शहर आमचं पसरट आणि सपाट. चढउतार नाहीत, रस्ते रुंद, आणि घर, शाळा, माहेर, बाजार चार दिशांना. बसची वाट बघत बसलं तर दिवस तिथेच सरतो. त्यामुळे इथल्या बाईने गाडी लवकर हाती घेतली. १९७२ मध्ये लूना बाजारात आली, आणि पुढे गावोगावच्या मास्तरणींनी नि नर्सबाईंनी ती आपलीशी केली. माझ्या आईकडेही होती, लाल रंगाची. सायकलपेक्षा थोडी जोरात चालायची, एवढंच. पण त्या वेळी आमच्या गल्लीत कार होती दोन जणांकडे, आणि त्याही बहुतेक वेळ झाकून ठेवलेल्या! आईला सांभाळावं लागायचं ते सायकलवाल्यांना, गाईंना आणि बैलगाडीला. कारवाल्यापासून कसं वाचावं हे तिने मला शिकवलं नाही, कारण तिला ते कधी शिकावं लागलं नाही.

मला शिकावं लागलं. कसं, ते सांगते.

मी राहते त्रिमूर्तीनगरात आणि शिकवते महालातल्या एका शाळेत, अर्धवेळ. मुलगीही त्याच शाळेत, दुसरीत. तेव्हा रोजचा प्रवास दोघींचा. प्रतापनगरवरून माटे चौक, मग अभ्यंकरनगर, श्रद्धानंदपेठ, आणि शंकरनगरला मोठा रस्ता लागतो. तिथून झाशी राणी चौकापर्यंत डोक्यावर मेट्रो. रस्त्याच्या मध्यभागी एकामागून एक जाडजूड खांब, आणि त्या खांबांच्या रांगेत जागोजागी कार वळायला सोडलेल्या फटी.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, साडेदहाची वेळ. रस्ता अगदी मोकळा. मी आपल्या बाजूने, आपल्या वेगाने, सरळ चालले होते. फटीत एक पांढरी कार थांबलेली मला दिसली. ती थांबलेली आहे म्हणजे माझ्यासाठीच थांबली आहे, अशी माझी समजूत. आतल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, हेही मला दिसलं. आणि मी अगदी जवळ आल्यावर ती कार सरळ माझ्यासमोर आली.

मी ब्रेक दाबला, गाडी घसरली. माझं डावं मनगट मोडलं. लेकीचे दोन्ही गुडघे आणि हनुवटी सोलवटली. बस, एवढंच. पण मैत्रिणींनो, माझ्या डोक्यावर ह्यांचं जुनं काळं हेल्मेट होतं आणि तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं. फक्त दोन वेण्या आणि रिबिनी. तिची हनुवटी टेकली तिथून वीतभर अंतरावर दुभाजकाचा सिमेंटचा कोपरा होता. आजही कधी रात्री जाग आली की मला तो कोपरा दिसतो.

कारमधल्या बाई माझ्याच वयाच्या. थरथरत खाली उतरल्या, लेकीला उचलून घेतलं, पाणी दिलं, दवाखान्यात सोबत आल्या. आणि सारखं एकच वाक्य: "दिसल्याच नाही हो तुम्ही! शपथेवर सांगते, मी बघितलं होतं, पण तुम्ही दिसल्याच नाही!"

मला भयंकर राग आला. लख्ख ऊन, ते उलट माझ्या डोळ्यांवर, त्यांच्या पाठीशी. रस्ता रिकामा. दोन माणसं बसलेली अख्खी गाडी, आणि दिसली नाही? मनात म्हटलं, मोबाइल बघत असेल बाई, आता सारवासारव करते आहे. घरी सासूबाईंचंही तेच मत. "कारवाल्यांना डोळे असतात कुठे!" शेजारच्या काका म्हणाले, "काऊन जी, केस नाही का ठोकली?" महिनाभर प्लॅस्टर होतं, त्या महिन्यात मी त्या बाईंना मनातल्या मनात रोज बोल लावला.

मग ह्यांनी जुनी कार घेतली आणि मी चालवायला शिकले. लायसन्स मिळून पंधरा दिवस झाले असतील. प्रतापनगरच्या एका गल्लीतून मोठ्या रस्त्यावर यायचं होतं. थांबले, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं, शिकवल्याप्रमाणे सगळं केलं, आणि कार पुढे काढली. कर्कश हॉर्न! माझ्या दाराला अगदी खेटून एक बाई स्कूटरवर. राखाडी दुपट्टा, राखाडी सनकोट. गॉगल वर करून तिने माझ्याकडे जे बघितलं, ते बघणं मी ओळखलं. माझंच होतं ते.

काच खाली केली आणि माझ्या तोंडून निघालं, "दिसल्याच नाही हो तुम्ही!"

त्या दिवसापासून मी ह्या गोष्टीच्या मागे लागले. मी काही इंजिनीअर नाही, बी. ए. आहे, तेही मराठी घेऊन. पण शाळेत विज्ञानाच्या बाई आहेत, ग्रंथालय आहे, आणि घरी प्रयोगाला कार नि स्कूटर दोन्ही उभ्या. जे कळलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिला प्रयोग तुम्ही आत्ता घरातच करा. आरशासमोर उभ्या राहा. आपल्याच डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हललेले तुम्हाला दिसणार नाहीत, काही केलं तरी नाही! शेजारी मुलाला उभं करा, त्याला मात्र ते हलताना स्पष्ट दिसतात. कारण असं की नजर एका जागेवरून दुसरीकडे नेताना डोळा सरकत जात नाही, उडी मारतो. आणि त्या उडीपुरतं मेंदू चित्र बंद ठेवतो. आपल्याला मात्र वाटतं, आपण सलग बघितलं. घाईघाईने डावी-उजवीकडे मान फिरवणाऱ्या कारवाल्याची नजर अशा तीनचार उड्या मारते, आणि मधल्या जागेत एखादी स्कूटर असली तर ती त्याच्या लेखी रस्त्यावरच नसते. ट्रक एवढा मोठा की दोन उड्यांत मावत नाही. आपण मावतो.

दुसरा प्रयोग रविवारी सोसायटीच्या आवारात केला. मी कारमध्ये बसले, ह्यांना स्कूटरवर बसवलं, आणि लेकीच्या हाती रांगोळीची वाटी दिली. मी ओरडायचं "बाबा गेले!" आणि तिने तिथे रेघ ओढायची. मागच्या डाव्या दाराशी, थोडं मागे, एवढी मोठी जागा निघाली की तिथे स्कूटर ना बाजूच्या आरशात दिसे, ना मान थोडी वळवून. ती मला थोडीफार माहीत होती. पण खरा धक्का समोर बसला. समोरच्या काचेच्या दोन्ही अंगांना छत पेलणारे खांब असतात ना, त्यांच्या आड पंधरा-वीस पावलांवरून समोर तोंड करून येणारी अख्खी स्कूटर, तिच्यावरच्या ह्यांच्यासकट, गुडूप! उजवा खांब चालवणाऱ्याच्या डोळ्यांजवळ, म्हणून तो जास्त झाकतो. आणि हे हळूहळू पुढे येऊ लागले आणि मीही कार थोडी पुढे घेऊ लागले, तर ते खांबाआडच राहिले! दोन गाड्या एकमेकींवर आदळण्याच्या बेतात असतात तेव्हा नेमकं असंच होतं. समोरची गाडी त्याच कोनात राहते, बाजूला सरकत नाही, म्हणून खांबाआडची खांबाआडच. शेवटच्या क्षणी एकदम प्रकटते.

आता शंकरनगरच्या त्या फटीत मनाने जाऊन बसा. आधी मेट्रोचा खांब, मग कारचा डावा खांब, आणि वर नजरेची उडी. मला वाटलं त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं तोंड माझ्या दिशेला होतं, एवढंच खरं.

हे काही माझ्या एकटीचं नशीब नव्हे. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजेलिस भागातले सुमारे नऊशे मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. जिथे मोटरसायकल दुसऱ्या वाहनाला धडकली, तिथे साधारण तीनातल्या दोन वेळा दुसरं वाहन तिच्या हक्काच्या वाटेत शिरलेलं होतं. आणि चालकांचं म्हणणं बहुधा हेच, की दिसली नाही किंवा फार उशिरा दिसली. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचा, सात समुद्रापलीकडचा अहवाल, आणि वाक्य आमच्या शंकरनगरचं!

आपल्या देशाचं सांगायचं तर सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट न घातलेले ५०,०२९. त्यांत मागे बसलेलेही आले, हे लक्षात घ्या. आपण बायका बहुतेकदा मागेच बसतो, आणि हेल्मेट फक्त चालवणाऱ्याला असतं.

तुम्ही म्हणाल, मग आता कारवाल्यांनाच शिकवा. शिकवावं की! माझ्या मते लायसन्स देताना प्रत्येकाला तो रांगोळीचा प्रयोग करायला लावला पाहिजे. आमच्या नागपुरात २०२१ मध्ये 'आयरास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यात शहर बसमध्ये समोर बघणारी यंत्रं बसवली. पुढचं वाहन किंवा माणूस धोक्याच्या अंतरात आलं की ड्रायव्हरला ती इशारा देतात, आणि असे इशारे कुठे जास्त होतात त्यावरून धोक्याच्या जागा हेरता येतात. चांगलंच आहे. पण माझ्या शेजारच्या कारमध्ये तसं यंत्र नाही, आणि मला उद्या सकाळी साडेदहाला शाळेत जायचं आहे.

तेव्हा मी आधी आपलं कपाट उघडलं. बाई गं, काय रंग होते! सनकोट राखाडी, का तर मळत नाही. दुपट्टा मातकट, का तर धूळ दिसत नाही. हेल्मेट काळं. मळखाऊ रंग निवडायची आपली पिढीजात सवय. पण जो रंग धूळ लपवतो तो धुळकट रस्त्यावर आपल्यालाही लपवतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड भागात १९९३ ते १९९६ या काळात मोटरसायकलवाल्यांचा एक मोठा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. चमकणारे, भडक कपडे घालणाऱ्यांना जबर दुखापतीच्या अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. काळ्या हेल्मेटपेक्षा पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना २४ टक्क्यांनी कमी. दिवसा दिवा लावणाऱ्यांना २७ टक्क्यांनी कमी. तिथला रस्ता निराळा, आपला निराळा, हे मान्य. पण डोळा तर माणसाचाच ना!

शाळेतल्या सहकारी बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "यात काय नवीन? आपल्याला मारबतीने कधीच शिकवलं." महालातली त्यांची सगळी हयात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, सगळी ईडापीडा गावाबाहेर न्यायला. त्या म्हणाल्या, "गर्दीत गच्चीवरून बघा, लांबून आधी कोणती दिसते? पिवळीच."

म्हणून मी सनकोट पिवळा शिवून घेतला. शिंपी म्हणाला, ताई, लवकर मळेल. मळू दे. दुपट्टा आता शेंदरी, संत्र्याच्या गावाला शोभेलसा. पण दुपट्ट्याबद्दल दोन शब्द बोलायचेच आहेत. घट्ट गुंडाळून कडा डोळ्यांच्या कोपऱ्यावर आल्या की बाजूचं दिसणं कापलं जातं, आणि कानांवर चार पदर आले की मागून येणारी कार ऐकू येत नाही. म्हणजे ते आपल्याला बघत नाहीत आणि आपणही त्यांना बघत नाही! आता मी पातळ सुती घेते, एकच वेढा, वर हेल्मेट, आणि टोकं कुर्त्यात आत खोचलेली. टोक मोकळं सोडलं तर चाकात जातं. साडी नि ओढणीसाठीच तर मागच्या चाकाला जाळी लावण्याचा नियम आहे. नव्या गाडीची ती जाळी 'शोभत नाही' म्हणून काढून टाकणारे महाभाग माझ्या माहेरीही आहेत.

दिव्याची एक गंमत सांगते. दिवसा रस्त्याने जाताना समोरून एखादे आजोबा हाताची मूठ उघडमीट करून खुणावतात ना, "लाइट चालू आहे बेटा!" तर १ एप्रिल २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो, आणि बंद करायचं बटण मुळी दिलेलंच नसतं. आपल्याला रस्ता दिसावा म्हणून तो नाही; आपण इतरांना दिसावं म्हणून आहे. आजोबांना हात करून पुढे जावं. ज्यांची गाडी त्याआधीची आहे त्यांनी स्वतः लावावा. आणि मागचा दिवा? जरा आपल्या गाडीच्या मागे जाऊन बघा. मागच्या बाईचा पदर, दप्तर, पावसाळ्यात रेनकोटचा घोळ, डब्याची पिशवी, यांतलं काही ना काही त्या बिचाऱ्या लाल दिव्यावर लोंबत असतंच. माझ्या लेकीचं दप्तर वर्षभर नेमकं इंडिकेटरवर टेकत होतं. मी इमानाने इंडिकेटर देत होते, दप्तर तो झाकत होतं!

रात्रीसाठी रेडियमची पट्टी. गाड्यांवर नंबर नि नावं चिकटवणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा. दोन प्लेट पोह्यांच्या खर्चात हेल्मेटच्या मागे, दप्तरावर, मडगार्डवर पट्ट्या लावून होतात. लग्नाहून रात्री परतताना आपण जरीच्या साडीत झगमगत असतो, पण ती झगमग मांडवाच्या दिव्यात. रिंग रोडवर वरून काळी शाल घेतली की संपलं.

मुलांच्या हेल्मेटचं मात्र मी कुणाशी वाद घालत नाही, सरळ सांगते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा नियम १५ फेब्रुवारी २०२२ रोजी जाहीर होऊन वर्षाने लागू झाला. चार वर्षांवरच्या मुलांना तर हेल्मेट आधीपासूनच हवं. मोठ्यांचं हेल्मेट लहान डोक्यावर डगमगतं, त्याचा उपयोग नाही. लहान मापाचंच घ्यावं लागतं, आणि हनुवटीखालचा पट्टा लावावा लागतो. लेकीने नारिंगी निवडलं. सासूबाई म्हणाल्या, "भोपळा दिसतो." दिसू दे बाप्पा, दिसण्यासाठीच घेतलं.

आता तोच रस्ता पुन्हा घेऊ, कसा जाते ते सांगते. शंकरनगरहून पुढे खांबांना चिकटून चालत नाही; कडेपासून थोडं आत, पण खांबांपासूनही दूर, म्हणजे फटीतल्या कारला मी खांबाआडून एकदम उगवत नाही. फटीत कार दिसली की मी तिच्यातल्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, तिच्या पुढच्या चाकाकडे बघते. तोंड फसवतं, चाक फसवत नाही. ते तसूभर हललं तरी कळतं. बोटं ब्रेकवर, वेग थोडा कमी, हॉर्न एकदाच आणि आधीच. शिवाय सरळ रेषेत येणारी लहान वस्तू लांबून थांबल्यासारखी वाटते, जवळ आल्यावर एकदम मोठी होते. म्हणून लांबूनच मी माझी जागा हातभर इकडची तिकडे करते, मागे आरशात बघून. हललेली वस्तू डोळ्यांत भरते.

झाशी राणी चौक, मग व्हरायटी चौक. इथे सिग्नलला थांबताना कारच्या डाव्या अंगाला, मागच्या दाराशी थांबायचा मोह होतो, कारण तिथे सावली असते. तीच ती रांगोळीची जागा! सिग्नल सुटला आणि ती कार डावीकडे वळली तर आपण गेलो. मी एक तर पुढे जाऊन तिच्या काचेसमोर थांबते, नाही तर सरळ तिच्या मागे. गेल्या काही उन्हाळ्यांत काही चौकांत गाडीवाल्यांसाठी हिरव्या जाळ्या बांधल्या होत्या, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण लख्ख उन्हातून येणाऱ्या कारवाल्याला त्या सावलीतलं क्षणभर काही दिसत नाही, तेवढं ध्यानात असू द्यावं. बसच्या आणि ट्रकच्या बाबतीत तर साधी खूण: त्याच्या आरशात मला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर मी त्याला दिसत नाही.

पुढे लोखंडी पूल, कॉटन मार्केट, आग्याराम देवी चौक, गांधीसागरच्या काठाने टिळक पुतळा, आणि मग महालाच्या गल्ल्या. तिथे कुणाचाच वेग नसतो. गाय, हातठेला, चहाचा ग्लास हातात घेऊन रस्ता ओलांडणारे पोट्टे, सगळे एकमेकांच्या डोळ्यांत बघून चालतात. उभ्या कारचं दार फटकन उघडतं, तेवढं सांभाळायचं. त्यासाठी दाराच्या लांबीएवढं अंतर ठेवून जाते. नवीन रुंद रस्ता झाला की आपण म्हणतो, चला, सुरक्षित झालं. मला तर महालातल्या गल्लीतच जास्त निवांत वाटतं.

त्या कारवाल्या बाईंना परवा फोन केला. दोन वर्षांनी. त्यांनी लेकीची चौकशी केली, मी रांगोळीची गोष्ट सांगितली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्या दिवसानंतर सहा महिने त्यांनी कार चालवलीच नव्हती. आता चालवतात, आणि फटीत थांबल्या की पुढेमागे झुकून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघतात. मागचे लोक हॉर्न वाजवतात, वाजवू देत. येत्या रविवारी त्या आमच्याकडे पोहे खायला येणार आहेत, आपल्या मुलाला आणि रांगोळीची वाटी घेऊन, कारण त्यांच्या कारचा खांब आमच्यापेक्षा जाड आहे म्हणे.

सासूबाईंनी मात्र रेडियमच्या उरलेल्या पट्टीवर डोळा ठेवला आहे. संध्याकाळी त्या काठी घेऊन त्रिमूर्तीनगरच्या बागेपर्यंत फिरायला जातात. काल म्हणाल्या, "एवढी उरलीच आहे तर माझ्या काठीला चिकटव." मी खालपासून वरपर्यंत चिकटवून दिली.